कवळीताई नाटक शिकायला आली

आमच्या वर्गात तिला सगळे कवळीताई म्हणायचे. हे नाव तिचं तिनेच ठेवून घेतलं होतं.

पदवीनंतरचा दोन वर्षांचा नाट्यशिक्षणाचा अभ्यासक्रम होता तो. पहिल्या दिवशी आम्हाला लाकडी जमिनीच्या लांबलचक खोलीत गोल करून बसवलं आणि एकेकाला उठून आपली ओळख करून द्यायला सांगितलं. कुणी म्हणालं, नाटक हा माझा श्वास आहे. कुणी म्हणालं, मला रंगमंचावरच मरण यावं. मी काय बोललो ते आठवलं की आजही कान गरम होतात. मग ती उठली. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगाने गोल, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, "मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. म्हणजे परवापर्यंत बनवत होते. लग्न झालंय, एक मुलगी आहे. ताई म्हणा, काकू म्हणा, कवळी म्हणा. म्हातारी तेवढी म्हणू नका, म्हाताऱ्या माझ्या गिऱ्हाईक आहेत."

श्वास आणि मरणाने जड झालेली ती खोली एकदम हलकी झाली. तिथून पुढे ती कवळीताई.

तिची लॅब एका इमारतीच्या तळघरात होती. मी पुढे बऱ्याचदा तिथे गेलो, म्हणून ती मला नीट माहीत आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन तिकडे पाठवायचे. त्या ठशांत प्लॅस्टर ओतून उरलेल्या दातांसकट जबड्याचे साचे बनवायचे, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, त्यात दात बसवायचे. भिंतीवरच्या फळ्यांवर असे पांढरे जबडे ओळीने मांडलेले असायचे. पॉलिशची मोटर दिवसभर घरघरायची आणि सगळ्यांच्या भुवयांवर पांढरी धूळ बसलेली असायची. तिथे ताई पंधरा-सोळा वर्षं काम करत होती.

आणि तिथेच तिचा साच्यांचा खेळ सुरू झाला होता. नवा साचा सुकला की ती तो हातात घ्यायची, दातांवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "हे बघा, वरचे दात पुढे, खालचा जबडा आत. ह्यांच्या तोंडून 'स' काही सरळ बाहेर पडत नसणार. आणि डावीकडे झिजलेत. म्हणजे झोपेत दात खातात. बायकोशी पटत नाही." मग एक क्षण डोळे मिटायची आणि त्या माणसाचा आवाज काढायची. नुसता आवाज नाही, अख्खा माणूस. तो बँकेत कसा भांडतो, जावयाशी कसा तोडून बोलतो, सर्दी झाल्यावर कसा कण्हतो. लॅबमधले लोक हसून हसून लोळायचे. मालक तर मोटर बंद करायचे, हात थरथरला तर कवळीचं वाटोळं होईल म्हणून. एकदा असाच एक गृहस्थ तक्रार घेऊन स्वतःच लॅबमध्ये उतरला आणि त्याने तोंड उघडलं, तर हुबेहूब ताईने काढलेला आवाज. सगळी लॅब तोंडात बोळे कोंबून मागच्या खोलीत पळाली. बाहेर एकटी ताई उभी. ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "काका, तुमचे दात मला आधीच सगळं सांगून बसलेत."

मालकांचा भाऊ हौशी नाटकं करायचा. त्याने स्पर्धेत उतरवलेल्या एका नाटकात दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या बाईची एक भूमिका होती, इनमिन तीन वाक्यांची. ठरलेली बाई आयत्या वेळी आजारी पडली आणि मालकांनी ताईला पुढे ढकललं. ताई बाकावर बसली, शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे वाकून बघितलं, आणि प्रेक्षक हसायला लागले. ती पिशवी उघडायची, हसायचे. पिशवी बंद करायची, हसायचे. तिची तीन वाक्यं संपेपर्यंत नाटकाचा नायक बिचारा विंगेत ताटकळत उभा.

त्या स्पर्धेला परीक्षक म्हणून आमचे सर होते. विद्यापीठातल्या नाट्यविभागाचे प्रमुख. प्रयोग संपल्यावर ते आत आले आणि तिला म्हणाले, "तुम्ही कुठे शिकलात?"

"कुठेच नाही."

"मग शिका."

एवढंच बोलून ते गेले. पण ताईच्या मनातून ते दोन शब्द जाईनात. तिच्याकडे रसायनशास्त्राची एक पदवी पडून होती, तिचा आजवर बायोडेटाच्या बाहेर काही उपयोग झाला नव्हता. प्रवेशाला ती चालणार होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस. तिने त्याला भीत भीत विचारलं, तेव्हा तो पान्हा पुसत म्हणाला, "अगं, ते परीक्षक आहेत. त्यांना तुझ्यात काहीतरी दिसलं असेल. जा तू. दोन वर्षं मी बघतो घराचं."

"अहो, पण ह्या वयात?"

"मग काय, कवळी बसल्यावर जाणार?"

त्याने जन्मात केलेला बहुधा हा एकच विनोद. ताई तो सगळ्यांना सांगायची.

सरांबद्दल आधीच सांगतो, ते वाईट माणूस नव्हते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. परदेशात शिकून आले होते आणि जे शिकले त्यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. नट रिकामा झाला पाहिजे, असं ते म्हणायचे. आपण जन्मभर गोळा केलेल्या सवयी, लकबी, युक्त्या आधी खरवडून काढायच्या, मग आत जे उरेल त्यातून भूमिका उभी करायची. पहिलं वर्ष सगळं खरवडण्याचं. आम्ही तासन् तास जमिनीवर पडून श्वास घ्यायचो. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसते चालायचो. आवाजाच्या बाई आमच्याकडून एकच स्वर इतका वेळ लावून घ्यायच्या की शेवटी तो आपला आहे की शेजारच्याचा ते कळेनासं व्हायचं.

मग कोऱ्या मुखवट्याचा सराव आला. पांढरा, कसलाच भाव नसलेला मुखवटा चेहऱ्यावर चढवायचा, खोलीत यायचं, खुर्चीपर्यंत चालायचं, बसायचं. बस. ताईने मुखवटा चढवला, आत आली, खुर्चीकडे बघितलं आणि आम्ही फुटलो. चेहरा झाकलेला होता, पण तिच्या पाठीतच काहीतरी होतं. खुर्ची आपल्याला पेलेल का, असा विचार तिची पाठच करत होती.

सर हसले नाहीत. "परत," ते म्हणाले.

ती बाहेर गेली, परत आली. आम्ही परत हसलो.

"परत."

असं किती वेळा झालं ते आठवत नाही. हळूहळू आमचं हसू कमी होत गेलं, मग थांबलं. शेवटी ती आली, बसली, आणि खोलीत कुणी हूं का चूं केलं नाही. मुखवट्याच्या कडेखालून घाम ठिबकत होता. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी मायेने म्हणाले, "आत्ता तू आलीस. इतका वेळ तू लपली होतीस. तू हसवत नाहीस, तू हसण्याच्या मागे लपतेस. ह्या वर्षात कुणालाही हसवायचं नाही. जमेल?"

"जमेल सर," ती मुखवट्यातूनच म्हणाली.

आम्ही बाकीचे सरांचं अर्धं ऐकायचो, अर्धं सोडून द्यायचो. कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायचो. ताईचं तसं नव्हतं. ती चांगली चाललेली नोकरी सोडून आली होती, नवरा जादा पाळ्या करत होता, मुलगी शाळेतून आल्यावर शेजारणीकडे बसत होती. अर्धवट शिकणं तिला परवडणारं नव्हतं. सरांचा शब्द ती औषधासारखा वेळेवर घ्यायची. कॅन्टीनमध्येही तिने खेळ बंद केले.

"अहो ताई, इथे कुठे सर आहेत?" मी म्हणालो.

"नको रे. मोडायची तर सगळीकडे मोडायला हवी. कामावर एक आणि घरी एक असं केलं तर सवय जाते का?"

वर्ष संपत आलं तेव्हा आठवणीचा सराव झाला. वर्गाच्या मधोमध बसायचं, डोळे मिटायचे आणि आपल्याला जिथे जायची भीती वाटते अशा खोलीत मनाने जायचं. तिथे काय दिसतं ते बोलायचं. ताईची पाळी आली. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "स्वयंपाकघर आहे."

"कुणाचं?" सरांनी विचारलं.

"आमचं. आई स्टुलावर बसलीय. भिंतीकडे तोंड करून."

मग तिने सांगितलं ते असं. तिची आई काही काही दिवस अशी बसायची. वडील कारखान्यात. ही शाळेतून यायची आणि दारातूनच आईची पाठ बघायची. पाठ भिंतीकडे असली की ही दप्तर न काढताच आवाज काढायला लागायची. घरमालकीण, मुख्याध्यापिका, भाजीवाला, वरच्या मजल्यावरचे खोकणारे आजोबा. एकेक करून. आईचे खांदे हलले की समजायचं, ती हसली. मग ती वळायची, डोळे पुसायची आणि स्टोव्ह पेटवायची. नाही हलले तर पुढचा आवाज. "माझ्याकडे खूप आवाज होते," ताई म्हणाली, "अख्खी गल्ली होती."

"थांबू नकोस," सर म्हणाले.

"एकदा सगळे संपले. सगळी गल्ली करून झाली. पाठ हललीच नाही. मग मला कंटाळा आला. मी खेळायला गेले."

"मग?"

"परत आले तर घरात माणसं जमली होती. आईला दवाखान्यात नेलं होतं. ती परत नाही आली."

आमच्यातल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सरांचेही डोळे भरले होते. ते म्हणाले, "आज मी तुला पहिल्यांदा पाहिलं."

त्या दिवशी मी तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत गेलो. ती खुशीत होती. "मोकळं वाटतंय रे," म्हणाली. "हे मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सर म्हणतात ते खरंय. दगड ठेवला होता मी वर."

सुट्टी लागायच्या आधी वर्गातल्या एकीचा वाढदिवस होता. बंदीचं वर्ष संपलंच होतं, म्हणून आम्ही ताईच्या मागे लागलो. लॅबमधल्या त्या काकांचा आवाज काढा, एकदाच. ताईने आढेवेढे घेतले, मग डोळे मिटले, जबडा आत घेतला आणि सुरुवात केली. दोन वाक्यं झाली. आवाज बरोबर होता, 'स' बरोबर अडखळत होता. पण कुणाला हसू येईना. ती मध्येच थांबली.

"काय झालं ताई?"

"काही नाही रे." ती इकडे तिकडे बघायला लागली. "आवाज येतोय. पण आवाज काढला की मला पाठ दिसते. मग मी ती हलतेय का तेच बघत बसते." मग आमचे चेहरे बघून घाईघाईने म्हणाली, "येईल परत. जागा बदललीय त्याने, दुसरं काही नाही."

आवाजाच्या बाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी एकदा आमच्यादेखतच सरांना म्हटलं, "त्या मुलीचं काहीतरी हरवलंय. आधी तिचा श्वास पोटातून यायचा, आता गळ्याशी येऊन थांबतो."

सर म्हणाले, "जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही."

"आणि नाही आलं तर?"

सर हसले. बाई दर वर्षी नव्याने नेमल्या जायच्या. त्या पुढे बोलल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोठं नाटक असायचं. त्या वर्षी सरांनी युद्धात मुलं गमावलेल्या एका आईची शोकांतिका निवडली आणि आईची भूमिका ताईला दिली. मी साहाय्यक दिग्दर्शक होतो. ताईने त्या भूमिकेवर जी मेहनत घेतली तशी मी पुढे कुणाला घेताना बघितली नाही. प्रत्येक वाक्य कुठून येतं, कशासाठी येतं, कुठे जातं, हे ती आम्हाला विचारून विचारून भंडावून सोडायची. भांडी घासताना संवाद म्हणायची म्हणून मुलीला अर्धं नाटक पाठ झालं होतं.

प्रयोगाला नवरा, मुलगी आणि अख्खी लॅब आली. लॅबची माणसं धुवून पुसून, एका ओळीत, मालक मधोमध. नाटक सुरू झालं. ताईचं काही चुकलं नाही. जिथे रडायचं तिथे खरंच रडली, जिथे गप्प राहायचं तिथे गप्प राहिली. मी विंगेत उभा राहून बघत होतो आणि मला जे कळत होतं ते मला कळायला नको होतं. ती ठीक होती. त्याहून जास्त काही नाही. अशी भूमिका अशीच करणाऱ्या बायका प्रत्येक गावात दोन-चार असतात. आणि त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली बाई सगळ्या मुलखात एकच होती.

टाळ्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात मालक तिला म्हणाले, "छान केलंस हं. फार छान." मग मान खाजवत म्हणाले, "मध्ये कुठेतरी तू हसवशील म्हणून आम्ही वाट बघत होतो. पण नाटकच तसलं होतं म्हणा."

मुलगी म्हणाली, "आई, तू अगदी टीव्हीतल्या बायकांसारखी दिसत होतीस." तिला कौतुकच करायचं होतं.

नवऱ्याने तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत सर ताईबद्दल दोन चांगली वाक्यं बोलले. मग बराच वेळ ते पहिल्या वर्षाला आलेल्या एका नव्या मुलीबद्दल बोलत राहिले. ती पोस्टात काम करायची आणि नाटकात तिचा एकच प्रवेश होता. तिच्यात काहीतरी रानटी आहे, सर म्हणाले. त्यावर काम करावं लागेल. ताई वहीत लिहून घेत होती, लिहिता लिहिता थांबली.

पदवी मिळाली आणि आम्ही सगळे कामं शोधायला लागलो. ताईने दोन-अडीच वर्षं जिवाचं रान केलं. ऑडिशनला रांगेत उभी राहायची, पाण्याची बाटली आणि घरून बांधून आणलेला डबा घेऊन. तिचा चेहरा आणि अंगयष्टी बघून तिला सगळीकडे एकच भूमिका द्यायचे. गमतीदार शेजारीण. एकदा मीही त्याच ऑडिशनला होतो. दाराच्या फटीतून दिसत होतं. समोर तिच्या भाच्याच्या वयाचा एक मुलगा मांडीवर कागद घेऊन बसलेला. ताईने वाक्यं वाचली. समजून, अर्थ लावून, थांबायचं तिथे थांबून.

"मॅडम, जरा हलकं घ्या ना," तो म्हणाला. "ती नुसती साखर मागायला आलीय."

ताईने परत वाचलं.

"तुम्ही फार विचार करताय. तुम्ही कुठे शिकलायत का?"

"हो," ताई म्हणाली आणि विभागाचं नाव सांगितलं.

"तेच," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. उलट कीव होती.

शेवटी ती लॅबमध्ये परत गेली. मालकांनी तिचं जुनं टेबल झाडून दिलं. जुन्या माणसांना वाटलं, आता पुन्हा मजा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक ताजा साचा तिच्या हातात दिला. मी त्या दिवशी तिला भेटायला म्हणून गेलो होतो. मालकांनी मोटर बंद केली, सगळे तिच्याभोवती जमले. "बघ हं, काय सुंदर नग आहे. पुढचे दोन गायब आणि अक्कलदाढा चारही शाबूत. काढ ह्याचा आवाज."

ताईने साचा हातात घेतला. दातांवरून अंगठा फिरवला. "पुढचे दोन नाहीत म्हणजे..." तिने सुरुवात केली आणि थांबली. डोळे मिटले. मला तिचा श्वास ऐकू येत होता, जमिनीवर पडून शिकलेला तो लांब, मोजका श्वास. मग तिने आवाज काढला. दात नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. पण त्या आवाजात कुणी राहत नव्हतं.

मालक मोठ्याने हसले. मग बाकीचे हसले. जरा जास्तच वेळ हसले. ताईनेही हसून साचा फळीवर ठेवला आणि म्हणाली, "चला, मोटर लावा, दिवसभर काय दातच काढत बसायचेत?" हे वाक्य तिने पूर्वी म्हटलं असतं तर लोक पुन्हा लोळले असते. मालकांनी खाली मान घालून मोटर लावली. नंतर तिला कुणी साचा दिला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी तिचा फोन आला. "माझ्याबरोबर सरांकडे येशील का? एकटीची जीभ वळणार नाही."

सर निवृत्त होणार होते. त्यांच्या खोलीत पुस्तकं खोक्यांत भरून ठेवलेली होती आणि भिंतीवर काढून घेतलेल्या फोटोंचे पांढुरके चौकोन उरले होते. सरांनी आम्हाला बघून आनंदाने हात पुढे केले. खुर्च्यांवरची खोकी खाली ठेवली. ताई टेकली आणि तिने सरळ विचारलं.

"सर, ते परत कसं आणायचं?"

"काय?"

"जे बघून तुम्ही मला बोलावलंत ते."

"ती तुझी ढाल होती," सर म्हणाले. "तिच्यामागे तू होतीस. आपण ती ढाल काढली."

"हो सर. पण ढालीमागे मी एकटीच होते. आणि मी काही एवढी बघण्यासारखी नाहीये."

सर जरा ताठ बसून म्हणाले, "माझं चुकलं, असं तुला म्हणायचंय का?"

"नाही हो सर. चुकलं म्हणालात तरी मला काय मिळणार? मी भांडायला नाही आले. परत आणण्याचा काही सराव असेल तर तो सांगा. जमिनीवर झोपायला सांगा, महिनाभर गप्प राहायला सांगा. मी करीन. मी तुमचा एकही सराव चुकवला नव्हता."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उत्तर नसलं तरी उत्तरासारखं दिसेल असं काहीतरी ते बोलतील, असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही गं मला."

"बरं," ताई म्हणाली.

मग चहा झाला. सरांनी तिच्या मुलीची चौकशी केली. ती म्हणाली, हिशेबतपासनीस व्हायचं म्हणते, बरं आहे. निघताना ताईने तिघांचे कप बाहेरच्या नळाखाली धुवून आणून ठेवले. जिन्यात मला म्हणाली, "निदान खोटं नाही बोलले."

मला ते बघवलं नाही. तोपर्यंत मी दोघाचौघांना घेऊन छोटी नाटकं करायला लागलो होतो. हाती एक फार्स होता आणि त्यात भाडेकरूंना छळणाऱ्या घरमालकिणीची भूमिका होती. ताईसाठीच लिहिल्यासारखी. मी तिला गळ घातली. ती नको नको म्हणाली, पण तिच्या आवाजात इतकी आशा होती की मी सोडलं नाही.

ती लॅब सुटल्यावर तालमीला यायची. सगळ्यांच्या आधी यायची, आल्यावर जमीन पुसायची, अंग मोकळं करायची. तिसऱ्या दिवशी तिचं सगळं पाठ होतं. कुठलीच हालचाल चुकत नव्हती. घरमालकीण अशी का वागते ह्याचा तिने इतका विचार केला होता की मला त्या बाईची दया यायला लागली, आणि फार्समध्ये घरमालकिणीची दया आली की सगळं बसतंच. बाकीचे नट चांगले होते. ते तालमीत एकमेकांच्या वाक्यांना हसायचे, पाणी पिताना ठसका लागेपर्यंत हसायचे. ताईचा प्रवेश आला की आदराने ऐकायचे.

मी सगळं करून बघितलं. वेग वाढवायला लावला. वाक्यं बदलली. तिच्या हातात पिशवी दिली. एकदा तर ओरडलो, "ताई, काही विचारच करू नका!" तिने मान डोलावली आणि विचार न करण्याचा इतका कसून प्रयत्न केला की तो तिच्या कपाळावर दिसायला लागला.

प्रयोगाला थोडे दिवस उरले असताना तालमीनंतर ती माझ्याजवळ आली. बाकीचे खाली उतरले होते.

"मला काढून टाक," ती म्हणाली.

"काहीतरीच काय ताई. तुमचं कुठे काय चुकतंय?"

"चुकत नाहीये. तीच तर पंचाईत आहे."

"थोडा वेळ द्या ना. होईल."

"हे बघ, तू दिग्दर्शक आहेस. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तू तिला परवाच काढलं असतंस. हो की नाही? खरं सांग."

खोटं बोलायला मी तोंड उघडलंही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. "वाईट नको वाटून घेऊ. तू बोलावलंस, मी आले. झालं." मग संहिता नीट घडी करून माझ्या हातात दिली. तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा सगळ्या खोडून टाकल्या होत्या, दुसरीला त्रास नको म्हणून.

मी तिला सोडायला खाली गेलो. नवरा स्कूटर घेऊन उभा होता. त्याच्या अंगावर अजून कामाचाच शर्ट होता, बाहीला ग्रीसचे डाग. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं आणि तिला हेल्मेट दिलं. तिने ते चढवलं, पट्टा लावता येईना, तर त्याने लावून दिला.

"अहो, वाटेत दूध घ्यायचंय," ती मागे बसत म्हणाली.

"घेऊ," तो म्हणाला.

स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभा राहिलो. मग वर जाऊन माझ्या ओळखीच्या एका नटीला फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी आली. उशिरा आली, काहीतरी चघळत आली, संहिता धड वाचलेलीसुद्धा नव्हती. उलटा धरलेला कागद सरळ करून तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसलो.